एजंट 'भाव' म्हटलं की चुकीचं टूल धरतोय. वर्णन कसं लिहायचं?

गूळपेठ
नमस्कार मंडळी. कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात आमचं गुळाचं अडत दुकान आहे. शेतकऱ्यांचे दिवसभर फोन, म्हणून व्हॉट्सॲपवर उत्तरं देणारा एआय एजंट जोडलाय. टूलं, म्हणजे माहिती काढायला तो बोलावतो ती फंक्शनं, तीनच. शेतकरी विचारतो, "आमचा भाव काय झाला?" त्याला पाहिजे असतो स्वतःच्या मालाला लागलेला भाव. एजंट यार्डातला किमान-कमाल दर सांगून मोकळा. मग फोन येतोच, वर चार शब्द ऐकायचे. प्रॉम्प्टमध्ये (एजंटला दिलेल्या सूचनांत) "नीट विचार करून टूल निवड" लिहून बघितलं, काही फरक नाही. सध्याची वर्णनं:

बाजारभाव: गुळाच्या भावाची माहिती देते.
सौदा: सौद्याची व भावाची माहिती देते.
पट्टी: पट्टीची माहिती देते.

एजंटमागचं एआय मॉडेल बदलू का?

रंकाळ्यावरचा
मोठं मॉडेल घे भावा, विषय संपला.

कागलकर
पैसे जातील आणि घोळ तिथंच राहील. मॉडेलला तुझा कोड दिसत नाही, डेटाबेस दिसत नाही. दिसतं ते टूलचं नाव, वर्णन आणि पॅरामीटरचा स्कीमा, म्हणजे टूलला कोणती माहिती कुठल्या साच्यात द्यायची ते. पहिल्या दोन्हीत 'भावाची माहिती' आहे, मग त्यानं निवडायचं कशावरून? आज कामाला लागलेल्या दिवाणजीला एवढंच सांगून तू गादीवर बसवशील का?

'सौदा'चं मी असं लिहीन:

"एका शेतकऱ्याच्या मालाला लिलावात प्रत्यक्ष लागलेला दर देते. 'आमचा भाव', 'माल कितीला गेला', 'सौदा निघाला का' अशा प्रश्नांना हेच वापर. यार्डातला एकूण दर विचारला तर हे वापरू नको, 'बाजारभाव' वापर. हातात किती पैसे येणार ते यातून कळत नाही. हमाली, तोलाई, उचल वजा होऊन येणारी रक्कम 'पट्टी' देते. दर रुपये प्रति क्विंटल. लिलाव झाला नसेल तर 'सौदा बाकी' असं उत्तर येतं. तेव्हा अंदाजे दर सांगू नको."

यातलं 'वापरू नको' हे वाक्य सगळ्यात कामाचं, आणि लोक नेमकं तेच गाळतात. क्लॉड मॉडेल बनवणाऱ्या अँथ्रॉपिक कंपनीच्या डॉक्युमेंटेशनमध्येही एका टूलला किमान ३-४ वाक्यं लिहा असं सुचवलंय. आपण एका ओळीत उरकतो.

पॅरामीटरलाही वर्णन लागतं. नुसतं 'तारीख' ठेवलंस तर 'पाडव्याचा सौदा' म्हटल्यावर ते काहीतरी ठोकून देतं. वर्ष-महिना-दिवस असा साचा लिही, आणि आजची तारीख प्रॉम्प्टमध्ये दे, ती त्याला आपोआप कळत नाही. 'वजन'चं 'वजन_किलो' कर. गुळाचा रवा (ढेप) ३० किलोचा असतो, १० चाही असतो, आणि शेतकरी म्हणतो नुसतं "चाळीस रवे". आकार एनममध्ये (ठरलेल्या पर्यायांच्या यादीत) बांध. सांगितला नसेल तर परत विचार, असंही लिही.

शिरोलीची_फाउंड्रीवाली
वर्णन ठीक आहे, पण एक विचारते. शेतकऱ्याचा कोड पॅरामीटर म्हणून मॉडेलकडून घेताय का? असेल तर आधी तो काढा. व्हॉट्सॲप नंबरवरून सर्व्हरनंच शेतकरी ओळखावा. नाहीतर कोणीतरी भाऊबंदाची पट्टी मागेल आणि एजंट देऊनही टाकेल. "दुसऱ्याची पट्टी देऊ नको" असं वर्णनात लिहून भागत नाही, तिथं कुलूप कोडमध्येच लागतं.

शिवाय सौदा आणि पट्टी वेगळी कशाला? आमच्या फाउंड्रीत हीट नंबरवरून (भट्टीतल्या एका वितळणीचा नंबर) धातूचा केमिस्ट्री रिपोर्ट एक टूल द्यायचं, माल रवाना झाल्याची माहिती दुसरं. एकत्र केली, भानगड मिटली.

कागलकर
शेतकऱ्याच्या कोडचं शंभर टक्के बरोबर ताई. एकत्र करण्याचं मात्र पटत नाही. सौदा निघतो तेव्हा पट्टी तयार नसते. अर्धं उत्तर आलं की मॉडेल उरलेलं अर्धं स्वतःच्या मनानं भरायला बघतं.

गूळपेठ
वर्णनं बदलली, शेतकऱ्याचा कोड पॅरामीटरमधून काढला. शेतकऱ्यांचे जुने मेसेज जसेच्या तसे परत चालवले. "आमचा भाव" आता सरळ सौद्यावर जातोय, लई भारी. पण "आज भाव कसा हाय?" याला कधी हे टूल, कधी ते.

कागलकर
ते माणसालाही कळणार नाही. 'बाजारभाव'च्या वर्णनात घाल: "प्रश्न मोघम असेल तर आधी 'सौदा' चालवून आज या शेतकऱ्याचा माल लागलाय का बघ. लागला असेल तर त्याचा दर पहिला सांग, यार्डाचा नंतर."