भांडेवाडीत पाइप खुपसला की वीज येते म्हणे

पारडीचा रहिवासी
काल इथे धरमपेठेतल्या एका सद्गृहस्थांनी लिहिलं की भांडेवाडीत, म्हणजे नागपूरच्या पूर्वेकडच्या कचरा डेपोत, पाइप खुपसा, मिथेन काढा, घरोघरी दिवे लावा, कचरा म्हणजे सोनं. डोकंच फिरलं. साहेब, त्या सोन्याच्या वासामुळे आम्ही मे महिन्यात 45 अंशांतही खिडक्या लावून बसतो. ढीग पेटला की वाळत घातलेले कपडे पुन्हा धुवायचे, आणि आईचा श्वासाचा पंप उशाशी.

आता पाइपाचं. हवा न मिळता ओला कचरा कुजतो तेव्हा हा वायू होतो. साधारण निम्मा मिथेन, बाकी बहुतेक कार्बन डायऑक्साइड. तो ओढायला आधी ढीग नीट झाकावा लागतो, मग ढिगात वायूच्या विहिरी, मग तो खेचणारे ब्लोअर. उघड्या ढिगातून ओढाल तर वायूपेक्षा हवाच जास्त आत शिरेल, आणि ढिगाच्या पोटात हवा म्हणजे आगीला आवतण. वर तिथे बायोमायनिंग चालू आहे. जो ढीग उकरून, वाळवून चाळताहेत, त्यात पाइप कुठे खुपसणार?

धरमपेठकर
सद्गृहस्थ मीच. मग मिथेन सोडून द्यायचा का? शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या 28 पट तापवतो, वीस वर्षांच्या हिशेबात 80 पट. मुंबईत गोराईचा ढीग बंद करून, झाकून वायू गोळा केलाच ना? नागपूरला जमत नाही असं ठरवूनच बसलेत लोक.

पारडीचा रहिवासी
गोराई *बंद* केली होती. हाच शब्द तुम्ही गिळता.

निवृत्त, औष्णिक केंद्र
दोघंही अर्धं बरोबर. वीज विसरा. कोराडीच्या औष्णिक केंद्राचा एक संच 660 मेगावॉटचा. कचऱ्याच्या वायूवरचं एक इंजिन मेगावॉट-दोन मेगावॉटचं. खरं काम मिथेन जाळण्याचं. एक किलो जाळला तर पावणेतीन किलो कार्बन डायऑक्साइड. तसाच सोडला तर 28 किलोइतकी झळ. म्हणजे नुसती मशाल लावून जाळला तरी फायदा. इंजिनच हवं असेल तर हायड्रोजन सल्फाइड आणि सिलोक्सेन (शाम्पू, क्रीम यांतून कचऱ्यात येणारी सिलिकॉनची संयुगं) आधी काढा, नाहीतर सिलिंडरमध्ये वाळूसारखा थर बसतो.

नंदनवनची ताई
ते सिलोक्सेन राहू द्या. मी तीन वर्षं ओला-सुका वेगळा ठेवते. गाडीवाला माझ्या डोळ्यांदेखत दोन्ही डबे एकाच कप्प्यात ओततो! कचरा वेगवेगळा न्यायच्या नियमांचं काय झालं?

वाठोडा
गाडीवाल्यावर ढकलणं सोपं आहे. तुमच्याच लेआउटमधले लोक मोकळ्या प्लॉटवर पिशव्या फेकतात, रोज बघतो.

नंदनवनची ताई
माझा लेआउट कोणता हे तुम्हाला कुणी सांगितलं? तोंड सांभाळून.

आठ महिने गाडीवर
भाऊ, म्या गाडीवर काम केलं. ज्या ठेकेदाराकडे होतो तिथं वजनावर हिशोब राहे. ओलं-सुकं कोन पाह्यते? अन् ताई, 'ओल्या' डब्यात काय काय सापडते सांगू का? डायपर, फुटकी बाटली. हात कापला त माह्या कापला, तुमचा नाई.

नंदनवनची ताई
माझ्या डब्यात बाटली नसते.

आठ महिने गाडीवर
समदे असंच म्हनतात.

वाठोडा
काहून चिडता ताई, पोरगा खरं बोलून राह्यला.

धरमपेठकर
मूळ मुद्द्यावर या हो! बरं, पाइप मागे घेतो, खूश? पण मग ताजा ओला कचरा ढिगावर जाऊच कशाला द्यायचा? बंद टाकीत कुजवा, वायू बहुतेक सगळा हाती येतो, उरलेलं खत.

पारडीचा रहिवासी
वा! चाळीस प्रतिसादांनंतर सुचलं. मान्य, एकदम मान्य. फक्त एक टाकी तुमच्या कॉलनीच्या मैदानातही बसवा. सगळ्या शहराचा ओला कचरा पूर्वेलाच का?

धरमपेठकर
मैदानात मुलं खेळतात हो.

पारडीचा रहिवासी
आमची काय करतात?

निवृत्त, औष्णिक केंद्र
सिलोक्सेनचं कुणी वाचलंच नाही वाटतं.