सुएझ आणि कोळसा

१८६९ ला सुएझ कालवा उघडला आणि अंतर घटल्यामुळे शिडाची जहाजं मागे पडली, असं या चर्चेत आधी म्हटलं गेलंय. अंतर हे अर्धंच कारण. कालव्याला लागून असलेल्या तांबड्या समुद्रात वारा बहुतेक वेळ उत्तरेकडून येतो, त्यामुळे शिडाच्या जहाजांना त्या वाटेचा फायदा घेताच आला नाही. कालवा खरा उपयोगी पडला तो आगबोटींना.

त्याआधी आगबोटीची अडचण होती ती कोळशाची. पोटातली बरीच जागा तोच खायचा, मग मालाला उरणार काय? लिव्हरपूलचा जहाजमालक आल्फ्रेड होल्ट याच्या बोटींवर १८६६ पासून कंपाउंड इंजिन (तीच वाफ एकामागून एक दोन सिलिंडरांत वापरणारं) आलं, कोळसा बराच कमी लागू लागला आणि लांब पल्ल्याची मालवाहतूक परवडायला लागली.

तरी तांबड्या समुद्राच्या तोंडाजवळच्या एडन बंदरात कोळसा भरावाच लागे. टोपल्या, पोती डोक्या-पाठीवरून चढायची. धूळ आत शिरू नये म्हणून केबिनच्या खिडक्या घट्ट बंद.

आणि भट्टीपुढचे आगवाले! मुंबईहून सुटणाऱ्या पी अँड ओ या ब्रिटिश जहाज कंपनीच्या बोटींवर डेकवर रत्नागिरीकडचे खलाशी असत, तर भट्टीवर बहुतेक पंजाबी. तांबड्या समुद्रातल्या उकाड्यात फावड्याने कोळसा लोटणाऱ्या या माणसांबद्दल इथे अजून कुणीच लिहिलेलं नाही, म्हणून हा प्रतिसाद.