दाढी आणि चेहरा: रोजचं साधं काय करता? मराठवाड्यातल्या गड्यांनी आपापलं लिहा

मंडळी, लई दिवसांपासून डोक्यात होतं म्हणून हा धागा काढतोय. पुरुषांनी चेहऱ्याची रोजची काळजी आणि दाढी, आपापलं काय चालू आहे ते लिहायचं. कामून म्हणाल तर आपल्याकडं हा विषय दोनच ठिकाणी निघतो, एक कटिंगच्या दुकानात आणि दुसरं लग्न ठरल्यावर. मधल्या काळात गड्यानं काय करावं हे कुणी सांगत नाही आणि व्हिडिओत बघावं तर दहा बाटल्यांचं रुटीन, ते पण कुठल्यातरी दमट नाहीतर थंड हवेतलं. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४२-४३ ला टेकतो, पाणी बोअरचं नाहीतर टँकरचं, आणि डिसेंबर लागला की ओठ उलतात, गाल फुटतात. ऊन, जड पाणी आणि कोरडी थंडी, हे तिन्ही धरून जे टिकतं तेच लिहा. वावरात, कंपनीत, शाळेत जाणाऱ्या माणसाला पाच-सात मिनिटांत जमलं पाहिजे.

आधी माझं सांगतो. परभणी, घरी बोअर. दाढी आंघोळीनंतर, आधी नाही, कारण गरम पाण्यानं केस नरम पडतो आणि ब्लेड ओढत नाही. जड पाण्यात साबणाचा फेस होत नाही, पाण्यातलं कॅल्शियम मॅग्नेशियम साबणाला धरून बसतं आणि पांढरा चिकट थर तोंडावर तसाच राहतो, म्हणून दाढीपुरतं मगभर पाणी जारमधलं घेऊन कोमट करतो, फरक पहिल्याच दिवशी कळतो. क्रीम ब्रशनं फेटून लावायचं, मिनिटभर तसंच ठेवायचं. मग केस ज्या दिशेला वाढतात त्याच दिशेनं रेझर. ही दिशा बोट फिरवून बघा, गालावर खाली असते पण मानेवर बऱ्याच जणांची आडवी नाहीतर वर असते, आणि मान नेमकी तिथंच सोलवटते. नंतर गार पाणी, टॉवेल घासायचा नाही, टिपायचा, आणि त्वचा ओलसर आहे तोवर साधं बिनवासाचं मॉइश्चरायझर. बाहेर पडताना सनस्क्रीन. रात्री तोंड धुऊन परत मॉइश्चरायझर. संपलं. चालू करा मंडळी.

जालना, स्टीलची कंपनी
भट्टीजवळ ड्युटी आहे. घाम, काळी धूळ, शिफ्ट सुटली की तोंड हाताला खरखरीत लागतं. आमच्यातले बरेच जण अंगाच्या साबणानं खसाखसा धुतात, मग त्वचा ताणल्यासारखी होते आणि तासाभरात परत तेलकट. साबणाचा पीएच (आम्ल-अल्काचं माप) ९-१० च्या घरात, आपल्या कातडीचा साधारण ५ च्या आसपास, म्हणून ते ओढल्यासारखं वाटतं. मी सौम्य फेसवॉश वापरतो, दिवसातून दोनदाच, मधे कितीही घाम आला तरी नुसतं पाणी मारतो. रात्रपाळी असली की दाढी संध्याकाळी ड्युटीवर जाताना करत नाही, सकाळी घरी आल्यावर करतो, म्हणजे ताज्या दाढीवर भट्टीची झळ आणि खारा घाम लागत नाही. शिफ्टवाल्यांनी एवढं नक्की करून बघा, जळजळ निम्मी होते.

लातूर
२०१६ चा उन्हाळा आठवतो का, मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते. त्या दिवसांत घराघरात पाण्याचा थेंब थेंब मोजून वापर चालला होता आणि दाढीला अख्खी बादली उडवणं शक्यच नव्हतं. तेव्हापासून आमच्या घरात नळ चालू ठेवून दाढी कुणी करत नाही. एक वाटी कोमट पाणी तोंड भिजवायला, एक वाटी रेझर बुडवायला, आणि शेवटी एक तांब्या धुवायला. दोन्ही मुलांना पण तसंच शिकवलंय. उलट रेझर वाटीत हलवून धुतला की पात्यांतले केस नीट निघतात. पाणी कमी असलं म्हणून दाढी कोरडी ओढायची नाही एवढं मात्र पाळा.

लातूर, पोलीस भरतीची तयारी
दादा माझा प्रश्न मानेचा आहे. रोज पहाटे ग्राउंड, घाम, आणि मानेवर लाल फोड, काहींच्या आत केस दिसतो वळलेला. पाच पात्यांचा रेझर वापरतोय. रूमवरचे म्हणतात उलटा हात मार म्हणजे गुळगुळीत होईल

हिंगोली, निवृत्त शिक्षक
बाळा, उलटा हात अजिबात मारू नको. तुझे केस कुरळे असणार. जास्त पात्यांचा रेझर केस जरा वर ओढून कातडीच्या खालून कापतो, मग तो टोकदार केस बाहेर निघताना वळतो आणि आतच घुसतो, तोच तुझा फोड. फोड आहेत तोवर दाढी थांबव, ट्रिमरनं थोडी खुंटं ठेवून कापत जा. ते केस सुईनं उकरू नको, डाग पडतात. फोड बसले की एका पात्याचा रेझर घे. मी नोकरीला लागल्यापासून दोन धारांचं ब्लेड बसवायचा तो लोखंडी रेझरच वापरतो, ब्लेड काही रुपयांत मिळतं म्हणून वेळेवर बदलायला जीवावर येत नाही. रेझर गालाशी साधारण ३० अंशात धरायचा, दाब द्यायचा नाही, त्याच्या वजनानंच तो चालतो. पाच ते सात दाढ्यांनंतर ब्लेड काढून टाकायचं, आणि रेझर धुऊन कोरड्या जागी ठेवायचा, मोरीत ओला नाही.

माझ्या लहानपणी गावात बलुतं होतं. न्हावीकाका आठवड्याला घरी यायचे, वडील ओसरीवर बसायचे, वर्षाला ज्वारी ठरलेली. वस्तरा एकच आणि तो चामड्याच्या पट्ट्यावर घासून सगळ्या गल्लीला चालायचा. त्या माणसाच्या हाताला जी सफाई होती ती आज दिसत नाही, पण एका वस्तऱ्यानं किती दुखणी घरोघर फिरली असतील हे आता कळतं.

नांदेड, स्वतःचं सलून
गुरुजी बरोबर बोलले, त्यात माझी भर. गिऱ्हाइकानं लाजू नये, ब्लेड माझ्यासमोर फोडा असं सरळ म्हणावं. आम्ही अर्धं ब्लेड वस्तऱ्याला लावतो, एका माणसाला एक, झालं की डब्यात टाकून देतो. हिपॅटायटीस बी चा विषाणू वाळलेल्या रक्तात आठवडाभर जिवंत राहू शकतो, डोळ्याला काही दिसत पण नाही. दुसरं तुरटीचं. तुरटी चांगलीच आहे, बारीक कापलेलं रक्त थांबवते, पण एकच खडा दिवसभर सगळ्यांच्या गालावरून फिरत असेल तर ब्लेड बदलून उपयोग काय. मी तुरटी पाण्यात विरघळवून स्प्रेच्या बाटलीत ठेवलीय. घरी वापरणाऱ्यांनी आपला खडा वेगळा ठेवा आणि लावल्यावर मिनिटभरानं तोंड धुऊन मॉइश्चरायझर लावा, नुसती तुरटी ठेवली तर आपल्या हवेत चेहरा अजून कोरडा पडतो. टॉवेल पण बघत जा, मानेला नायटा झालेल्या माणसाचा टॉवेल दुसऱ्याला लागला की काम झालं.

श्रावणाचं एक सांगतो. आमच्याकडं लई लोक श्रावणभर दाढी करत नाहीत आणि पोळा झाला की दुकानात रांग लागते, पहिल्याच झटक्यात गुळगुळीत पाहिजे म्हणतात. महिन्याच्या दाढीवर थेट वस्तरा चालवायचा नाही. आधी मशीननं बारीक करायची, मग गरम पाण्याचा टॉवेल, मग क्रीम, मग सुलट्या हातानं एकदाच. घाईच्या दिवशी पण मी हे सोडत नाही, गिऱ्हाईक थांबलं नाही तरी चालेल. आणि लग्नाच्या पोरांनो, हळदीच्या आदल्या दिवशी पहिल्यांदा ब्लीच फेशियल करू नका. करायचंच असेल तर पंधरा दिवस आधी कानामागं थोडं लावून बघा.

अंबाजोगाई, मेडिकल
आता मी लिहितो ते सगळ्यांनी वाचा, आणि घरातल्या लेकरांना वाचून दाखवा. काउंटरवर रोज कुणीतरी येतं, "गोरं व्हायची ती ट्यूब द्या", "मित्रानं लावली ती द्या". ह्यातल्या बऱ्याच ट्यूबा स्टेरॉइडच्या असतात. बेटामेथासोन, क्लोबेटासोल, नाहीतर हायड्रोक्विनोन ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन असं तिहेरी मिश्रण. ही औषधं वाईट नाहीत, त्वचेच्या डॉक्टरनं ठरवून दिलेल्या दिवसांपुरती द्यायची आहेत. पण पोरं दाढीनंतर क्रीम म्हणून महिनोन्महिने चोळतात. सुरुवातीला चेहरा उजळतो, पुरळ बसतं, म्हणून विश्वास बसतो. मग कातडी पातळ पडते, लाल शिरा दिसायला लागतात, उन्हात आग होते, नको तिथं केस येतात, पुरळ दुप्पट येतं. बंद केली की चेहरा पेटतो म्हणून परत लावतात, आणि त्यातून सुटणं लई अवघड जातं. नायट्यावर लावली तर खाज थांबते आणि नायटा आतून पसरत राहतो. मी चिठ्ठीशिवाय देत नाही, गिऱ्हाईक चिडून पुढच्या दुकानात जातं, जाऊ द्या. ट्यूब वर्षभर चालू असेल तर एकदम स्वतःच्या मनानं तोडू नका, त्वचेच्या डॉक्टरला दाखवा. इथं आमच्या गावात सरकारी मेडिकल कॉलेज आहे, लातूर, नांदेडला आहे, संभाजीनगरला घाटी आहे. त्वचेच्या ओपीडीत पैसे फारसे लागत नाहीत, जायला एक सकाळ लागते.

बीड जिल्हा, शेती
मेडिकलवाले भाऊ, गालावर काळे वांग आलेत मला, मला पण कुणीतरी तीच ट्यूब सांगितली होती, बरं झालं घेतली नाही. आमचं सगळं काम उन्हात. सनस्क्रीन बायकांचं असतं असं आमच्या पाराशी बसणारे म्हणतात, म्हणू द्या, मी लावायलोय. मुलीनं शिकवलं, दोन बोटांच्या लांबीएवढं काढायचं आणि तोंड, कान, मान सगळीकडं लावायचं. एसपीएफ ३० चं घेतो, ते जळवणारे किरण साधारण ९७ टक्के अडवतं म्हणे, ५० नं त्यात थोडीच भर पडते. खरं तर दर दोन तासांनी लावायला पाहिजे, वावरात ते जमत नाही, म्हणून न्याहारीला बसलो की तोंड धुऊन एकदा लावतो आणि बाकी भरवसा उपरण्यावर. टोपी कपाळ झाकते, गाल आणि मान उघडे राहतात, म्हणून सुती उपरणं डोक्यावरून घेऊन तोंडाला बांधायचं. फवारणीच्या दिवशी सकाळी दाढी करायची नाही, हे मी कडक पाळतो. ताज्या दाढीच्या बारीक चिरांवर औषध उडालं तर जास्त लागतं. घरी आल्यावर आधी आंघोळ, ते उपरणं वेगळं धुवायचं, मग चहा.

धाराशिव, नवऱ्यासाठी लिहितेय
पुरुषांच्या धाग्यात आले, चालतंय ना. ह्यांना शुगर आहे. दाढीला कापलं की जखम लवकर भरत नाही, हिवाळ्यात एकदा हनुवटीवरची जखम चिघळली होती. डॉक्टर म्हणले ट्रिमर वापरा. तेव्हापासून ट्रिमर, वर थोडी खुंटं राहतात पण चिरा नाहीत. रात्री झोपताना ओठांना आणि गालांना व्हॅसलिन, थंडीत खोबरेल. ज्यांच्या घरी शुगरवाला माणूस आहे त्यांनी ब्लेडचा आग्रह सोडावा असं मला मनापासून वाटतं.

संभाजीनगर, घाटीत ब्रदर
ताई अगदी योग्य. खोबरेलाबद्दल एवढंच की ज्यांना मुरूम येतात त्या पोरांनी चेहऱ्याला तेल लावू नये, छिद्रं बंद होतात. मुरमांच्या पोरांसाठी सांगतो, लिंबू चोळून उन्हात जाऊ नका, त्वचा भाजल्यासारखी होते आणि काळे डाग महिनोन्महिने राहतात. टूथपेस्ट पण नको. २.५ टक्के बेंझॉइल पेरॉक्साइड नाहीतर ०.१ टक्के अॅडापलीन, दोन्हीतलं एकच धरा, मेडिकलवाल्याला नीट विचारून, रात्री पातळ थर, सुरुवातीला एक दिवसाआड. बेंझॉइलनं टॉवेल उशीचा रंग उडतो, पांढरा टॉवेल ठेवा. दोन-तीन महिने धीर लागतो, आठवड्यात ट्यूब बदलू नका. गाठी दुखत असतील, खड्डे पडत असतील तर थेट डॉक्टर.

संभाजीनगर, दाढीवाला
मी दाढी ठेवतो. दाढीत कोंडा झाला होता, नाकाच्या बाजूला लाल आणि खपल्या. केटोकोनॅझोलचा (बुरशीवरच्या औषधाचा) शाम्पू आठवड्यात दोनदा दाढीला, पाच मिनिटं ठेवून धुतो, गेला. दाढीच्या खाली पण कातडी असते, तिला पण मॉइश्चरायझर बोटांनी आतपर्यंत लावा.

लातूर, पोलीस भरतीची तयारी
गुरुजी, दाढी थांबवली आणि ट्रिमर घेतला रूममध्ये मिळून. नंतर डोक्यात आलं की एकच ट्रिमर सगळ्यांनी वापरायला नको, म्हणून कॉन्ट्रीचा मोडून स्वतःचा घेतला. फोड बसायलेत. एक अजून, ग्राउंडवर घामानं सनस्क्रीन डोळ्यात जातं आणि पळता येत नाही, काय करू

बीड जिल्हा, शेती
भुवयांच्या वर दोन बोटं सोडून लाव, कपाळाला टोपी घाल नाहीतर रुमाल बांध म्हणजे घाम खाली येत नाही. पहाटेचं ग्राउंड असेल तर ऊन चढायच्या आधीच संपतंय ना, मग पळून आल्यावर तोंड धू आणि क्लासला निघताना लाव.