मॉरिशसहून अटलांटिकला: सुएझ की केप?

शिडवाला: १२ मीटरची स्लूप (एका डोलकाठीची शिडाची बोट), क्रू तिघांचा. हिंदी महासागरातून अटलांटिकला न्यायची आहे. कोणता मार्ग घ्यावा?

नांगरगडी: केप, म्हणजे दक्षिण आफ्रिकेला वळसा. सुएझच्या वाटेवर तांबड्या समुद्रात २०२३च्या अखेरीपासून जहाजांवर हल्ले झालेत, विमा कंपनीला आधी विचारा. शिवाय त्या समुद्राच्या उत्तर भागात वारा बहुतेक वेळ वायव्येचा, म्हणजे थेट तोंडावर.
मॉरिशस ऑक्टोबरअखेर सोडा, पुढे चक्रीवादळांचे दिवस. मादागास्करच्या दक्षिण टोकापासून शंभरेक सागरी मैल लांबून जा, तिथल्या उथळावर लाटा वेड्यावाकड्या उठतात.

शिडवाला: आणि दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यालगतचा अगुल्हास प्रवाह?

ईशान्य_वारा: खरी परीक्षा तिथेच. प्रवाह नैर्ऋत्येकडे वाहतो, कधी ४-५ नॉटने (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल). समोरून नैर्ऋत्य वारा आला की लाट आखूड आणि भिंतीसारखी उभी होते, मोठी जहाजंही मोडलीत. त्या किनाऱ्यावर दरबान ते ईस्ट लंडन बंदर सुमारे २५० सागरी मैल, मध्ये निवारा नाही. ६ नॉट बोटीचे, ३ प्रवाहाचे धरले तर २८ तास. म्हणून नैर्ऋत्य वारा ओसरून बॅरोमीटर (हवेचा दाब) चढून स्थिरावला की लगेच निघा. ईशान्य वारा मागून मिळेल. वाटेत बॅरोमीटर घसरून वारा अचानक पडला, तर नैर्ऋत्य वारा येतोय असं समजून शिडं तेव्हाच रीफ करा (गुंडाळून लहान करा) आणि २०० मीटर खोलीच्या रेषेच्या किनाऱ्याकडच्या बाजूला या. तिथे प्रवाह कमी, लाटही सुसह्य.

नांगरगडी: घाईने निघण्यापेक्षा दरबानलाच थांबा. आठवडा गेला तरी चालेल.