डीटीएम : विजयांचा तक्ता जुळेना, एक रेस आणि दोन रेस एकाच मापाने मोजायच्या का?

जुना_गिअरबॉक्स
मंडळी, डीटीएमचा (जर्मनीतली टूरिंग कार रेसची स्पर्धा) १९८४ पासूनचा तक्ता भरायला घेतलाय. वर्ष, चॅम्पियन, गाडी, त्या मोसमातले विजय. पहिल्याच ओळीला अडकलो. १९८४ चा चॅम्पियन फोल्कर श्ट्रिचेक, बीएमडब्ल्यू ६३५, आणि विजयांच्या रकान्यात शून्य! म्हटलं, माझंच काहीतरी चुकलं. १९८७ ला एरिक व्हान द पूल, बीएमडब्ल्यू एम३, परत शून्य. चूक नाही, दोघेही खरंच एकही रेस न जिंकता चॅम्पियन झाले. ठीक आहे, सातत्याला गुण मिळतात.
खरी अडचण पुढे आहे. जुन्या काळातला चॅम्पियन ड्रायव्हर बर्न्ट श्नायडर, त्याचे एकूण ४३ विजय. अलीकडचा चॅम्पियन रेने रास्टच्या काळात एका वीकेंडला दोन-दोन रेस. मग या दोघांची तुलना करायची कशी?

पिटलेन_पांडू
श्नायडर. पाच टायटलं. तक्ता कशाला हवा?

नोरिस_स्टँड
पांडूशेठ, थांबा जरा. २००३ पासून एका वीकेंडला एकच रेस असायची, साधारण तासाभराची, दोन सक्तीचे पिटस्टॉप (टायर बदलायला थांबणं). २००६ चा श्नायडरचा अख्खा मोसम १० रेसचा. शुक्रवार-शनिवार कितीही चांगले गेले तरी रविवारी पहिल्या वळणावर कोणी घुसला की वीकेंड पाण्यात.
२०१५ ला दोन रेस आल्या, पण सारख्या नव्हत्या. शनिवारी ४० मिनिटं, पिटस्टॉपची सक्ती नाही. रविवारी ६० मिनिटं आणि एक सक्तीचा स्टॉप. म्हणजे एक धावायची, एक डोकं चालवायची. मला स्वतःला हेच आवडायचं. २०१७ ला दोन्ही सारख्या करून टाकल्या, ५५ मिनिटं अधिक एक लॅप, प्रत्येकीत एक स्टॉप. वर क्वालिफाइंगच्या (सुरुवातीची जागा ठरवणारी फेरी) पहिल्या तिघांना ३-२-१ गुण.
मी तेव्हा न्यूर्नबर्गमध्ये नोकरीला होतो. २०१८ च्या जूनमध्ये तिथल्याच नोरिसरिंग ट्रॅकवर दोन्ही दिवस दगडी स्टँडवर बसलो. ट्रॅक जेमतेम २.३ किलोमीटर, गाडी मिनिटाच्या आत परत समोर. पिटमध्ये घालवलेला वेळ तिथे फार महागात पडतो, बाहेर येताना नेमकं कोणाच्या मागे अडकणार यावर सगळा खेळ. शनिवारी मार खाल्लेली टीम रविवारी दुसरा डाव टाकू शकते. श्नायडरला ही सोय नव्हती. (कानात बोळे विसरलो होतो. ते व्ही८ इंजिनांचं शेवटचं वर्ष. सोमवारी ऑफिसात मला कोणाचं धड ऐकू येत नव्हतं.)
त्याच मोसमात रास्टने शेवटच्या सहाच्या सहा रेस जिंकल्या. न्यूर्बर्गरिंग, श्पीलबर्ग, हॉकेनहाइम, तीन वीकेंड. तरी टायटल गेलं गॅरी पॅफेटकडे, ४ गुणांनी. जुन्या पद्धतीत हेच तीन विजय भरले असते. म्हणून नुसते विजय मोजू नकोस, विजय भागिले रेस असा रकाना कर. आणि गुणांची तर तुलनाच नको : २०११ पर्यंत विजयाला १० मिळायचे, २०१२ पासून २५.

पिटलेन_पांडू
बरं, टक्केवारी काढा. पण २०२१ पासूनच्या जीटी३ गाड्या त्यात मिसळू नका. त्या कारखान्यातून विकत मिळतात. आधीच्या नुसत्या दिसायला टूरिंग कार होत्या, आतून सगळं रेसिंगचं. आणि २०२१ चा शेवट आठवतोय ना, नोरिसरिंगलाच? मर्सिडीजवाल्यांनी आपल्याच गाड्या बाजूला घेऊन त्यांच्या मॅक्सिमिलियान ग्योट्झला पुढे सोडलं, प्रतिस्पर्धी लियाम लॉसनचं टायटल ३ गुणांनी गेलं. असा विजय कुठल्या रकान्यात घालणार?

नोरिस_स्टँड
विजयांच्याच. आवडला नाही तरी.

जुना_गिअरबॉक्स
नोरिसभाऊ, टक्केवारीचा रकाना टाकला. २००१-०२ चं काय? मुख्य रेसच्या आधी एक छोटी क्वालिफाइंग रेस दिसतेय.

नोरिस_स्टँड
ती वेगळ्या रकान्यात ठेव, मुख्य विजयात मिसळू नकोस. १९९७ ते ९९ कोरं सोड, स्पर्धाच नव्हती. १९९६ आयटीसी (इंटरनॅशनल टूरिंग कार चॅम्पियनशिप) नावाने झाली, सुझुका आणि इंटरलागोसपर्यंत गेली. खर्च आवाक्याबाहेर गेला, ओपेल आणि अल्फा रोमिओ निघून गेले, संपलं. मी माझ्या तक्त्यात तिथे त्या मोसमाचा चॅम्पियन मानुएल रॉयटर लिहून बाजूला फुली मारलीय.

जुना_गिअरबॉक्स
मग १९९५ ला श्नायडर दोनदा लिहू? डीटीएम आणि आयटीसी वेगवेगळ्या दिसतायत.

नोरिस_स्टँड
लिही. दोन्ही त्यानेच जिंकल्या होत्या. पांडूशेठ खूश होतील.