बँडिमियर बंद झाला म्हणजे नेमकं काय गेलं?

पावमैल: कोलोरॅडोत मॉरिसनजवळचा बँडिमियर स्पीडवे, म्हणजे दोन गाड्यांच्या सरळ रेषेतल्या ड्रॅग शर्यतींचा पाव मैलाचा ट्रॅक, 1958 ला सुरू झाला आणि 2023 च्या हंगामानंतर बंद पडला. पाव मैल डांबर दुसरीकडे ओतून तो परत मिळणार नाही, असं माझं ठाम मत. उंची सुमारे 5,800 फूट. टर्बो-सुपरचार्जर नसलेल्या इंजिनाची दर हजार फुटांमागे साधारण 3 टक्के ताकद जाते. कार्ब्युरेटरचे जेट (इंधन सोडणारी छिद्रं) समुद्रकाठचे तसेच ठेवून आलात तर मिश्रण रिच, म्हणजे हवेच्या मानाने इंधन जास्त, प्लग काळे, गाडी सुटतानाच अडखळते. तिथल्या लोकांच्या हाताला ही विरळ हवा माहीत होती.

जेटबदलू: हवा डोंगराची, ट्रॅकची नव्हे. डेन्व्हरच्या आसपास कुठेही नवी पट्टी बांधा, जेट जवळपास तेच लागतील. आणि पकड तर तयारच करावी लागते: पट्टी झाडून कोरडी करायची, यंत्राला लावलेले टायर ओढून रबर बसवायचं, ट्रॅक्शन कंपाऊंड (पकड वाढवणारं चिकट रसायन) अल्कोहोलमध्ये पातळ करून फवारायचं, पूर्ण वाळू द्यायचं. घाई केली की टायर जागीच फिरलाच.

रबरवाला: फवारून भागत नाही हो. जुलैच्या उन्हात तोच थर मऊ पडून सरकतो. बँडिमियरला स्टार्टच्या जागेखाली थंड द्रव फिरवणारे पाईप होते, पुढे गाडी थांबायला चढ होता. चढामुळे ब्रेक आणि पॅराशूटवरचा भार हलका. असा उतार-चढाव पैसे टाकून कुठेही मिळत नाही.

पावमैल: आणि ब्रॅकेट रेसिंग विसरू नका. काचेवर आपला अपेक्षित वेळ आधीच लिहायचा, संथ गाडीला हिरवा दिवा आधी. लिहिल्यापेक्षा जोरात पळालात तर ब्रेकआउट, हरलात. म्हणून जुनी स्टेशन वॅगनही नव्या गाडीला हरवते. त्यासाठी वर्षानुवर्षं भरलेली वही लागते: तापमान, आर्द्रता, लेन, वेळ. ती वही आता रद्दी!

जेटबदलू: रद्दी कशी? डेन्सिटी अल्टिट्यूड (त्या दिवशीच्या हवेच्या घनतेवरून धरलेली उंची) काढा, जुने आकडे दुरुस्त करा, चार-पाच टेस्ट रन मारा. नवी वही सुरू.

रबरवाला: ते गणित इंजिनापुरतं. पहिल्या 60 फुटांचा वेळ पकडीवर ठरतो, आणि डाव्या लेनमध्ये टायर कुठे सुटतो हे कुठल्याच सूत्रात बसत नाही. 60 फुटांत दशांश सेकंद गेला, तर शेवटी त्याहून जास्त जातो.