अपूर्णांकांचा भागाकार मुलांना कसा समजवायचा?

प्रश्न: मुलगी सहावीत आहे, गणितं सोडवते पण १/२ × ३/४ चं उत्तर ३/८ आलं की विचारते गुणल्यावर संख्या लहान कशी झाली, आणि भागाकारात उलटं करून गुणायचं एवढंच पाठ, का ते माहीत नाही. घरच्या वस्तूंनी समजावता येईल का?

उत्तर १: कागद घ्या, उभ्या घड्या घालून चार सारखे भाग करा, तीन रंगवायला सांगा. आता पाऊणचा अर्धा हवाय ना, मग आडवी एक घडी मधोमध. उघडला की आठ घरं, त्यातली वरची रंगवलेली तीन. अर्धाच भाग घेतलाय म्हणून लहान, हे तिचं तीच म्हणेल.

उत्तर २: भागाकाराला पाणी बेस्ट. पाऊण लिटर पाणी, १/८ लिटरचा ग्लास, किती ग्लास भरतील? आधी एका लिटरचं विचारा, आठ. मग पाऊण लिटरचे आठाच्या पाऊणपट म्हणजे सहा. उलटं करून गुणणं म्हणजे हेच तर आहे! नियम प्लीज यानंतरच सांगा.

उत्तर ३: बाकी उरणारं उदाहरण पण द्याच, मुलं तिथेच अडकतात. १ मीटर रिबनचे २/३ मीटरचे तुकडे कापले की एक तुकडा होतो आणि १/३ मीटर उरते, मग मुलं उत्तर १ १/३ लिहितात. पण उरलेली रिबन तुकड्याशेजारी ठेवून बघायला लावा, ती बरोब्बर अर्धा तुकडा भरते, म्हणून उत्तर दीड.